परदेशातली युद्धं आणि अमेरिकी जनमत : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

व्हिएतनाम, इराक किंवा अफगाणिस्तानविषयी काही लिहिलं की ठरावीक प्रश्न येतातच. स्पर्धा परीक्षा देणारे विचारतात, मुलं न्यू जर्सीत किंवा टेक्सासात असलेले पालक विचारतात, निवृत्त फौजी मंडळी तर जरा चिडूनच विचारतात. ते प्रश्न इथे एकत्र केले आहेत. भर अमेरिकेवर आहे, कारण दूरदेशी सर्वाधिक लढलेला आणि त्याबद्दल स्वतःच्या जनतेला सतत प्रश्न विचारत राहिलेला देश तोच. माझं मत आधीच सांगून टाकतो, म्हणजे उत्तरं वाचताना तुम्हाला ते पारखून घेता येईल. दूरच्या युद्धाबद्दल लोक जे बोलतात त्यात तो दूरचा देश फार थोडा असतो. आपला पक्ष, आपली पोरं आणि जिंकण्याची आशा या तीन गोष्टींनीच बहुतेक जागा व्यापलेली असते.

१. युद्धाला लोकांचा पाठिंबा आहे की नाही, हे मोजतात कसं?

देशभरातून साधारण हजारभर प्रौढांना विचारून. गॅलप या संस्थेचा प्रश्न सर्वांत जुना आणि प्रसिद्ध आहे: अमुक देशात सैन्य पाठवण्यात अमेरिकेची चूक झाली, असं तुम्हाला वाटतं का? कोरियाच्या युद्धापासून तो जवळपास त्याच शब्दांत विचारला जातो, म्हणून वेगवेगळ्या युद्धांची तुलना करता येते. प्यू रिसर्च सेंटर विचारतं की बळाचा वापर करण्याचा निर्णय योग्य होता की अयोग्य. तिसरा प्रश्न असतो राष्ट्राध्यक्ष युद्ध कसं हाताळताहेत याचा.

या तिन्हींची उत्तरं एकमेकांत मिसळू नका. ‘युद्धात उतरलो ते बरोबर, पण चालवलं वाईट’ असं म्हणणारे भरपूर असतात. वर्तमानपत्रांत ‘निम्म्या अमेरिकेचा युद्धाला विरोध’ असा मथळा दिसला की नेमकं काय विचारलं होतं ते आधी पाहावं. शब्दांनी फरक पडतो. कोरियाच्या वेळी प्रश्नात ‘कम्युनिस्टांचं आक्रमण थांबवण्यासाठी’ एवढं जोडलं की पाठिंबा १५-२० टक्क्यांनी चढलेला दिसे.

२. सुरुवातीला सगळेच पाठिंबा कसे देतात? लोक इतके भाबडे असतात का?

भाबडे म्हणणं अन्याय होईल. संकटाच्या वेळी लोक राष्ट्राध्यक्षाभोवती गोळा होतात. जॉन म्यूलर या राज्यशास्त्रज्ञाने १९७० मध्ये हे आकड्यांनी दाखवलं आणि नंतर ते वारंवार दिसत राहिलं. ११ सप्टेंबर २००१ नंतर धाकट्या बुशना ९०% लोकांची पसंती होती. मार्च २००३ मध्ये इराकवर हल्ला सुरू होताच त्यांची पसंती ५८ वरून ७१ टक्क्यांवर गेली. गंमत म्हणजे यासाठी यशही लागत नाही. १९६१ मध्ये क्युबातली ‘बे ऑफ पिग्ज’ मोहीम सपशेल फसली, आणि केनेडींची पसंती ८३ टक्क्यांवर पोचली!

यामागे विरोधी पक्षाचं मौनही असतं. ऑगस्ट १९६४ मध्ये व्हिएतनाममध्ये बळ वापरायला परवानगी देणारा टोंकिनच्या आखाताचा ठराव प्रतिनिधिगृहात ४१६ विरुद्ध ० आणि सिनेटमध्ये ८८ विरुद्ध २ मतांनी संमत झाला. पुढारीच वाद घालत नसतील तर सामान्य माणसाला दुसरी बाजू ऐकू येणार कुठून? ऑक्टोबर २००२ मध्ये इराकचा ठराव २९६ विरुद्ध १३३ आणि ७७ विरुद्ध २३ असा संमत झाला. म्हणजे विरोध होता, पण निवडणुकीला महिनाही उरला नव्हता आणि डेमोक्रॅट पक्षाचे बडे नेते ठरावाच्या बाजूने होते.

३. मग हा पाठिंबा ओसरतो कधी?

गॅलपच्या ‘चूक झाली’ म्हणणाऱ्यांचा प्रवास पाहा.

कोरिया: ऑगस्ट १९५० मध्ये २०%, आणि चीन युद्धात उतरल्यावर, १९५१ च्या सुरुवातीला, ४९%. व्हिएतनाम: ऑगस्ट १९६५ मध्ये २४%, ऑक्टोबर १९६७ मध्ये ४७%, ऑगस्ट १९६८ मध्ये ५३%, मे १९७१ मध्ये ६१%. इराक: मार्च २००३ मध्ये २३%, जून २००४ मध्ये ५४%.

म्यूलरचं म्हणणं असं की मृत सैनिकांच्या संख्येबरोबर पाठिंबा घटतो, पण पहिल्या काही शेकड्यांचा धक्का मोठा असतो. नंतर तेवढाच परिणाम व्हायला हजारो मृत्यू व्हावे लागतात. हे बऱ्याच अंशी खरं आहे, पण पुरेसं नाही. व्हिएतनामबाबत निम्म्याहून जास्त लोक ‘चूक’ म्हणू लागले तोवर २५ हजारांहून अधिक अमेरिकी सैनिक गेले होते. इराकबाबत तीच रेषा ओलांडली तेव्हा मृतांचा आकडा हजारही नव्हता. इतका फरक का? शीतयुद्धात लोकांना व्हिएतनाम म्हणजे मोठ्या लढाईतली एक चौकी वाटत होती. इराकचं कारणच वर्षभरात पोकळ ठरलं (प्र. ६). शिवाय फीव्हर आणि गेल्पी या अभ्यासकांचा मुद्दा मला पटतो: युद्ध जिंकता येईल असं वाटत असेल तर लोक शवपेट्याही सहन करतात, आशा सुटली की एकेक पेटी जड होते. १ मे २००३ रोजी बुश विमानवाहू जहाजावर उतरले तेव्हा त्यांच्या मागे ‘कामगिरी फत्ते’ असा फलक होता. ज्या युद्धात फत्ते झाली असं सांगितलं, त्यातून पुढे वर्षभर शवपेट्या येत राहिल्या तर लोक काय समजणार?

४. व्हिएतनाममध्ये टीव्हीने मत फिरवलं, हे खरं ना? क्रॉन्काइटचं उदाहरण सगळीकडे असतं.

उदाहरण खरं आहे, निष्कर्ष ताणलेला आहे. ३० जानेवारी १९६८ ला व्हिएतनामी कम्युनिस्टांचं टेट आक्रमण सुरू झालं. २७ फेब्रुवारीला नामवंत वृत्तनिवेदक वॉल्टर क्रॉन्काइटने युद्ध कोंडीत सापडल्याचं टीव्हीवर सांगितलं. ३१ मार्चला राष्ट्राध्यक्ष जॉन्सननी पुन्हा निवडणूक लढवणार नसल्याचं जाहीर केलं. तीन घटना अशा ओळीने आल्या की गोष्ट आपोआप तयार होते.

पण ‘चूक झाली’ म्हणणारे ऑक्टोबर १९६७ मध्येच ‘चूक नाही’ म्हणणाऱ्यांपेक्षा जास्त झाले होते. टेटनंतर पहिले काही आठवडे तर उलट झालं. ‘आता आणखी जोरात मारा’ म्हणणारे वाढले, नंतर घसरले. क्रॉन्काइटने जनतेला वळवलं म्हणण्यापेक्षा, जनता जिथे जाऊन पोचली होती तिथे तो येऊन उभा राहिला असं म्हणणं जास्त बरोबर.

५. तरुण पिढी विरोधात आणि म्हातारे बाजूने, असंच चित्र होतं ना?

चित्रपटांत तसं दिसतं. चाचण्यांत नेमकं उलटं आहे. व्हिएतनाम युद्धाच्या बहुतेक काळात तिशीच्या आतले लोक वयस्करांपेक्षा युद्धाच्या जास्त बाजूने होते, आणि सुरुवातीला कॉलेज शिकलेलेही कमी शिकलेल्यांपेक्षा जास्त अनुकूल होते. निदर्शनं करणारे तरुण होते, याचा अर्थ तरुण निदर्शक होते असा होत नाही.

निदर्शकांना जनता डोक्यावर घेत होती असंही नाही. ४ मे १९७० ला ओहायोतल्या केंट स्टेट विद्यापीठात नॅशनल गार्डच्या गोळीबारात चार विद्यार्थी मेले. त्यानंतरच्या चाचणीत ५८ टक्क्यांनी दोष विद्यार्थ्यांना दिला, गार्डला फक्त ११ टक्क्यांनी. माय लाय या व्हिएतनामी गावात अमेरिकी सैनिकांनी केलेल्या हत्याकांडाबद्दल लेफ्टनंट कॅली मार्च १९७१ मध्ये दोषी ठरला, तेव्हा ७९% लोकांना तो निकाल नापसंत होता. काहींना वाटत होतं सैनिकाला शिक्षाच नको, काहींना वाटत होतं वरच्यांना सोडून एकट्यालाच का. हे सगळं घडलं तेव्हा युद्ध चूक होतं असं मानणारे बहुमतात होते, हे विसरू नका. युद्ध चूक म्हणणारा माणूस युद्धविरोधी चळवळीचा मित्र असतोच असं नाही.

६. इराकमध्ये सर्वसंहारक अस्त्रं सापडलीच नाहीत. मग लोकांनी लगेच मत का नाही बदललं?

कारण बऱ्याच जणांच्या लेखी ती सापडली होती. २००३ मध्ये मेरीलँड विद्यापीठाशी संलग्न गटाने तीन गैरसमज तपासले: अस्त्रं सापडली आहेत, सद्दाम आणि अल-कायदा यांचे संबंध सिद्ध झाले आहेत, आणि जगाचं मत युद्धाच्या बाजूने आहे. सुमारे ६०% लोकांच्या मनात यांपैकी किमान एक तरी गैरसमज होता. कोण बातम्या कुठून घेतो त्यावर फरक प्रचंड: फॉक्स वाहिनीच्या प्रेक्षकांत ८०%, सार्वजनिक रेडिओ-टीव्हीच्या प्रेक्षकांत २३%. त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात वॉशिंग्टन पोस्टच्या चाचणीत ६९% लोकांना ११ सप्टेंबरच्या हल्ल्यात सद्दामचा स्वतःचा हात असण्याची शक्यता वाटत होती.

जानेवारी २००४ मध्ये शोधपथकाचे प्रमुख डेव्हिड के यांनी सिनेटसमोर कबूल केलं की आम्ही जवळजवळ सगळेच चुकलो. एप्रिलअखेरीस अबू ग्रैब तुरुंगातल्या इराकी कैद्यांच्या छळाची छायाचित्रं बाहेर आली. जूनमध्ये ‘चूक’ म्हणणारे निम्म्याच्या पुढे गेले. आणि तरी नोव्हेंबरमध्ये बुश पुन्हा निवडून आले. याचं उत्तर पुढच्या प्रश्नात आहे.

७. म्हणजे शेवटी सगळं पक्षावर येतं का?

सगळं नाही, पण दिवसेंदिवस जास्त. व्हिएतनामवर रिपब्लिकन आणि डेमोक्रॅट मतदारांतलं अंतर बेताचं होतं. युद्ध वाढवलं डेमोक्रॅट जॉन्सननी, पुढे चालवलं रिपब्लिकन निक्सननी, त्यामुळे ते कुणा एकाच्या नावावर लागलं नाही. इराक बुशच्या नावावर लागलं. दुसऱ्या कार्यकाळात रिपब्लिकन मतदार मोठ्या बहुमताने त्यामागे उभे होते आणि डेमोक्रॅट तितक्याच मोठ्या बहुमताने विरोधात. तेच आकडे, त्याच बातम्या, आणि दोन वेगळी युद्धं.

ताजं उदाहरण युक्रेनचं. तिथे अमेरिकी सैनिक लढत नव्हते, फक्त मदत जात होती. तरी प्यूच्या चाचणीत ‘मदत फार होतेय’ म्हणणारे रिपब्लिकन मार्च २०२२ मध्ये ९% होते, २०२३ संपता संपता जवळपास निम्मे झाले. दरम्यान पक्षातले मोठे नेते उलट बोलू लागले होते.

८. बहुमत विरोधात गेलं की युद्ध थांबायला हवं. लोकशाही आहे ना?

सर्वांत जास्त वेळा आलेला प्रश्न, आणि उत्तर निराश करणारं.

व्हिएतनामबाबत १९६८ च्या ऑगस्टमध्ये बहुमत ‘चूक’ म्हणत होतं. पॅरिसचा करार झाला २७ जानेवारी १९७३ रोजी. निक्सन सत्तेवर आल्यानंतर आणखी सुमारे २१ हजार अमेरिकी सैनिक मेले. व्हिएतनामी माणसांचा हिशोब वेगळाच. आणि १९७२ च्या निवडणुकीत तातडीने माघार घेऊ म्हणणाऱ्या मॅकगव्हर्नना ५० पैकी ४९ राज्यांनी नाकारलं.

युद्ध चूक होतं हे मत झालं भूतकाळाबद्दल. आता काय करायचं, यावर त्याच लोकांची तीन-चार मतं असतात: लगेच निघा, हळूहळू निघा, आधी जोर लावा मग निघा. निक्सननी मधला रस्ता धरला. सैन्य टप्प्याटप्प्याने कमी केलं, बॉम्बफेक चालू ठेवली, सक्तीची लष्करभरती आधी सोडतीवर आणली आणि १९७३ मध्ये बंद केली. मध्यमवर्गीय घरातल्या मुलाच्या डोक्यावरची टांगती तलवार गेली की बैठकीच्या खोलीतला आवाजही खाली येतो.

इराकचंही तसंच. नोव्हेंबर २००६ मध्ये मतदारांनी दोन्ही सभागृहं डेमोक्रॅटांना दिली, दुसऱ्याच दिवशी संरक्षणमंत्री रम्सफेल्ड यांचा राजीनामा जाहीर झाला. दोन महिन्यांत बुशनी इराकमध्ये वीस हजारांहून जास्त सैनिक वाढवण्याची घोषणा केली! शेवटची तुकडी निघाली डिसेंबर २०११ मध्ये.

जनमताचा जोर आहे, पण तो युद्ध थांबवण्यापेक्षा माणसं बदलण्यात आणि पुढच्या युद्धाला अडवण्यात दिसतो. २००८ मध्ये ओबामांनी हिलरी क्लिंटनना मागे टाकलं, त्यात इराकच्या ठरावाला हिलरींनी दिलेल्या मताचा वाटा मोठा होता.

९. जनमताने युद्ध अडवलं असं एकही उदाहरण नाही?

आहेत. अमेरिकेबाहेरची आधी घेऊ.

१ मार्च २००३ ला तुर्कस्तानच्या संसदेत अमेरिकी सैन्याला आपल्या भूमीवरून इराकमध्ये उतरू देण्याचा ठराव आला. जनता प्रचंड विरोधात होती. बाजूने २६४, विरोधात २५०, आणि १९ तटस्थ. मतं जास्त पडूनही हजर सदस्यांचं बहुमत झालं नाही, ठराव पडला. अमेरिकेला उत्तरेकडची आघाडी सोडावी लागली. २९ ऑगस्ट २०१३ ला ब्रिटनच्या संसदेने सीरियावरची कारवाई २८५ विरुद्ध २७२ अशी फेटाळली, आणि इराकची आठवण प्रत्येक भाषणात होती. त्यानंतर ओबामांनी काँग्रेसकडे, म्हणजे अमेरिकी संसदेकडे, परवानगी मागितली. तेव्हा गॅलपमध्ये बाजूने ३६%, विरोधात ५१%. मतदान झालंच नाही.

आता उलट उदाहरण. स्पेनमध्ये २००३ साली सुमारे ९०% लोक इराक युद्धाच्या विरोधात होते, तरी पंतप्रधान अझनार बुशबरोबर राहिले. ११ मार्च २००४ ला माद्रिदच्या लोकल गाड्यांत स्फोट झाले, तीन दिवसांनी निवडणूक होती. सरकार पडलं, नव्या सरकारने सैन्य परत बोलावलं. मात्र अझनारांच्या पक्षाचा पराभव युद्धामुळे की स्फोटांचा दोष घाईने बास्क फुटीरतावादी संघटनेवर टाकल्यामुळे, यावर स्पेनमध्ये आजही एकमत नाही.

१०. आज भेटणारा प्रत्येक जण ‘मी तर इराक युद्धाच्या विरोधातच होतो’ म्हणतो. मग बाजूने होतं कोण?

हाच प्रश्न ब्रिटनमध्ये मोजला गेला आहे. २००३ च्या मार्च ते डिसेंबरदरम्यान यूगव्ह या चाचणी संस्थेने वारंवार विचारलं, तेव्हा सरासरी ५४% ब्रिटिश युद्ध योग्य म्हणत होते. २०१५ मध्ये लोकांना विचारलं, तेव्हा तुम्ही काय म्हणत होता? योग्य म्हणत होतो, असं सांगणारे निघाले ३७%.

ही सगळी माणसं खोटं बोलत असतील असं मला वाटत नाही. १५ फेब्रुवारी २००३ चा लंडनचा प्रचंड मोर्चा सगळ्यांना आठवतो, १८ मार्चला संसदेने ४१२ विरुद्ध १४९ मतांनी युद्धाला दिलेली मान्यता कमी जणांना. आठवण आजच्या मताला साजेशी होत जाते. म्हणूनच त्या वेळची चाचणी आणि नंतरची मुलाखत यांत तफावत आली तर मी चाचणीवर विश्वास ठेवतो.

११. ‘व्हिएतनामचा धसका’, म्हणजे दूरच्या युद्धात उतरायची भीती, गेला म्हणतात, राहिला म्हणतात. नक्की काय?

१ मार्च १९९१ ला थोरल्या बुशनी तो कायमचा संपल्याची घोषणा केली. कुवेत सोडवलं होतं, पसंती ८९% होती. पुढच्या वर्षी ते ३७% मतं घेऊन निवडणूक हरले, कारण लोकांना आता अर्थव्यवस्था दिसत होती.

धसका जातो आणि येतो. २०११ मध्ये इराक सोडल्यावर अमेरिकेला मध्यपूर्वेचं नावही नको होतं. जून २०१४ मध्ये इस्लामिक स्टेटने मोसूल घेतलं, उन्हाळ्यात अमेरिकी पत्रकारांच्या शिरच्छेदाच्या चित्रफिती आल्या, आणि सप्टेंबरमध्ये गॅलपमध्ये ६०% लोक इराक-सीरियात लष्करी कारवाईच्या बाजूने होते. वर्षभरापूर्वी सीरियासाठी हाच आकडा ३६ होता (प्र. ९). फरक एवढाच, की या वेळी मारेकऱ्यांनी थेट अमेरिकी लोकांना उद्देशून बोलायला सुरुवात केली होती.

१२. अफगाणिस्तानातून माघार लोकांनाच हवी होती. मग बायडेनवर राग का?

नोव्हेंबर २००१ मध्ये फक्त ९% लोकांना अफगाण युद्ध चूक वाटत होतं. तिथून निम्म्यापर्यंत यायला बारा वर्षं लागली (फेब्रुवारी २०१४, ४९%). ऑगस्ट २०२१ मध्ये प्यूला ५४ टक्क्यांनी सांगितलं की माघारीचा निर्णय योग्य. पण काबूल विमानतळावरची गर्दी, विमानाला लटकलेली माणसं, २६ ऑगस्टचा बॉम्बस्फोट ज्यात १३ अमेरिकी सैनिक आणि शेकड्याहून जास्त अफगाण गेले, हे सगळं लोकांनी पाहिलं. सप्टेंबरमध्ये बायडेनची पसंती ४३% होती आणि पुन्हा फारशी वर आली नाही.

माघारीचा तालिबानशी करार ट्रम्पच्या काळात दोह्यात, २९ फेब्रुवारी २०२० ला झाला होता. ते कुणाच्या लक्षात राहिलं नाही, दिवा विझताना जो खोलीत होता त्याच्यावर खापर फुटलं. प्र. ८ मधल्या निक्सनना नेमकी हीच भीती होती.

१३. तिथे मेलेल्या सामान्य माणसांचा अमेरिकी मतावर काही परिणाम होतो का?

फेब्रुवारी २००७ मध्ये असोसिएटेड प्रेस आणि इप्सॉसने अमेरिकी लोकांना दोन आकडे विचारले. इराकमध्ये किती अमेरिकी सैनिक मेले? मध्यक (सगळी उत्तरं ओळीने लावली तर मधोमध येणारं) उत्तर तीन हजारांच्या जरा खाली, खरा आकडा तीन हजारांच्या जरा वर. म्हणजे जवळपास अचूक. किती इराकी नागरिक मेले? मध्यक उत्तर ९,८९०. त्या वेळच्या सर्वांत सावध मोजणीतही तो आकडा पन्नास हजारांच्या वर होता.

या एका चाचणीतून जे कळतं ते शंभर भाषणांतून कळत नाही, असं मी नेहमी सांगतो. आपल्या माणसांचा हिशोब लोक डोक्यात ठेवतात. दुसऱ्यांचा हिशोब कुणी रोज छापतच नाही, तर ठेवणार कसा?

इराकी लोकांनाही विचारलं गेलं आहे, फार कमी वाचलं गेलं. फेब्रुवारी २००४ च्या एका चाचणीत ४८% इराकी आक्रमण योग्य म्हणत होते, ३९% अयोग्य. कुर्द भागात समर्थन भरघोस, सुन्नी अरबांत नगण्य. मार्च २००७ पर्यंत अमेरिकी फौजांवरचे हल्ले मान्य आहेत म्हणणारे ५१% झाले होते, तीन वर्षांपूर्वी ते १७% होते. वॉशिंग्टनमध्ये त्या महिन्यांत वाद चालला होता तो वाढीव तुकड्यांवर आणि खर्चावर.

१४. युद्ध संपल्यावर तिथल्या निर्वासितांना लोक स्वीकारतात का?

दक्षिण व्हिएतनामची राजधानी सायगाव पडल्यावर, मे १९७५ मध्ये, गॅलपमध्ये दक्षिण व्हिएतनामी निर्वासितांना घ्यायला ३६% तयार होते, ५४% नाहीत. तरी त्या वर्षी सुमारे एक लाख तीस हजार आले. २०२१ मध्ये सुरक्षा तपासणी करून अफगाणांना घ्यायला ६८% तयार होते. या वेळी टीव्हीवर बोलत होते ते अमेरिकी सैनिक, आणि ते आपल्या दुभाष्यांची नावं घेत होते.

१५. परतलेल्या सैनिकांशी लोक कसे वागले? व्हिएतनामच्या सैनिकांवर थुंकले असं ऐकलं आहे.

थुंकण्याच्या गोष्टी बहुतेक नंतरच्या आठवणींतून आल्या आहेत. त्या काळच्या नोंदींत त्यांना भक्कम आधार सापडत नाही, आणि प्र. १० मधला आठवणींचा मुद्दा इथेही लागू पडतो. दुर्लक्ष मात्र खरं होतं. युद्धोत्तर मानसिक आघाताला वैद्यकीय निदान म्हणून मान्यता १९८० मध्ये मिळाली, वॉशिंग्टनचं स्मारक १९८२ मध्ये उभं राहिलं. त्यावर आज ५८ हजारांहून जास्त नावं आहेत.

नंतर पारडं दुसरीकडे झुकलं. इराक युद्ध नावडतं असतानाही लष्करावरचा विश्वास कायम उंच राहिला. सैनिकाला विमानतळावर टाळ्या आणि युद्धाकडे पाठ, असा तो सोयीचा तोडगा होता. २००७ मध्ये वॉल्टर रीड लष्करी रुग्णालयातल्या जखमी सैनिकांची हेळसांड उघड झाली तेव्हा टाळ्यांची किंमत कळली.

१६. व्हिएतनामी लोक आज अमेरिकेचा द्वेष करत असतील ना?

प्यूच्या २०१७ च्या पाहणीत ८४% व्हिएतनामी लोकांचं अमेरिकेबद्दल अनुकूल मत होतं, अमेरिकेच्या बऱ्याच मित्रदेशांपेक्षा जास्त. निम्म्याहून अधिक लोकसंख्या युद्धानंतर जन्मलेली, निर्यातीची मोठी बाजारपेठ अमेरिका, आणि उत्तरेला चीन. एजंट ऑरेंज हे युद्धात फवारलेलं विषारी रसायन आणि न फुटलेले बॉम्ब मात्र अजून जमिनीत आहेत.

१७. भारतात असं कधी झालं का? महाराष्ट्राचा काही संबंध?

भारताचं परदेशातलं युद्ध म्हणजे श्रीलंकेतली शांतिसेना, जुलै १९८७ ते मार्च १९९०. सुमारे १,२०० जवान गेले. शेवटची तुकडी मद्रासला उतरली तेव्हा मुख्यमंत्री करुणानिधी स्वागताला गेले नाहीत. तमिळनाडूत या मोहिमेबद्दल राग होता, उर्वरित देशात फारशी चर्चाच नव्हती. वारंवार तोच प्रश्न विचारणारी गॅलपसारखी चाचणी आपल्याकडे नव्हती, त्यामुळे मत कधी फिरलं हे नेमकं सांगता येत नाही.

२००३ मध्ये अमेरिकेने इराकसाठी भारताकडे एक पूर्ण डिव्हिजन मागितली होती. एप्रिलमध्ये संसदेने युद्धाविरुद्ध ठराव केला होता, वर्षअखेरीस राज्यांच्या निवडणुका होत्या. १४ जुलैला वाजपेयी सरकारने संयुक्त राष्ट्रांचा स्पष्ट आदेश नसल्याचं कारण देत नकार दिला. प्र. ९ च्या यादीत हेही बसतं.

आणि इराकशी महाराष्ट्राचा जुना संबंध आहेच. पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियात (आजच्या इराकमध्ये) गेलेल्या सहाव्या डिव्हिजनचं नावच पूना डिव्हिजन. मराठा पलटणींचे जवान त्यात होते. कूत-अल-अमाराच्या वेढ्यानंतर २९ एप्रिल १९१६ ला तिने शरणागती पत्करली, आणि कैदेत हजारो मेले. लंडनमध्ये चौकशी आयोग बसला, अहवालावर गदारोळ झाला, भारतमंत्री ऑस्टिन चेंबरलेननी १९१७ मध्ये राजीनामा दिला. ज्या गावांतून ही मुलं गेली तिथे कुणी मत विचारलं नव्हतं.

१८. आमचा मुलगा अमेरिकेत आहे. पुन्हा सक्तीची भरती आली तर त्याला जावं लागेल का?

१९७३ नंतर सक्तीची भरती झालेली नाही, आणि ती सुरू करायला काँग्रेसला कायदा करावा लागेल. पण भरतीच्या यादीत नाव नोंदवणं, म्हणजे नोंदणी, वेगळी. सोव्हिएत फौजा अफगाणिस्तानात शिरल्यावर १९८० मध्ये कार्टरनी ती पुन्हा सुरू केली आणि ती चालू आहे. १८ ते २५ वयाच्या पुरुष नागरिकांना आणि ग्रीनकार्डधारकांना ती लागू होते. एच-१बी किंवा विद्यार्थी व्हिसावर असलेल्यांना, व्हिसा वैध असेपर्यंत, लागू नाही.

एक अपवाद पालकांच्या लक्षात येत नाही. मुलगा अमेरिकेत जन्मला, दोन वर्षांचा असताना तुम्ही पुण्याला परत आलात, तो इथेच वाढला. जन्माने तो अमेरिकी नागरिक आहे, आणि परदेशात राहणाऱ्या नागरिकालाही नोंदणी लागू आहे. अठरा पूर्ण झाल्यावर दूतावासाच्या किंवा नोंदणी विभागाच्या अधिकृत संकेतस्थळावर सध्याचा नियम पाहून घ्या.

राहिला मताचा प्रश्न: चाचणी करणारे ‘प्रौढ रहिवासी’ विचारत असतील तर ग्रीनकार्डवाल्या तुमच्या मुलालाही फोन येऊ शकतो. ‘नोंदणीकृत मतदार’ विचारत असतील तर नाही.